कॅम्पातला वन्समोअर

"आप्पा, आत बसल्यावर तोंडातनं शब्द काढायचा न्हाय. खोकायचं बी न्हाय."

"आन् शिंक आली तर?"

"गिळायची!"

जयवंतानं हे इतक्या ठसक्यात सांगितलं, की तिच्या वडिलांच्या, शहापूरच्या तम्मण्णा विणकरांच्या हातातला धोटा जागच्या जागी थांबला. इंग्रजी शाळेत वरच्या वर्गात गेल्यापासून पोरगी बापालाच शिस्त लावू लागली होती. पण आज तिला तसंच कारण होतं. गोऱ्या पलटणीच्या कॅम्पातल्या हॉलात चाळीस वादकांचा मोठा वाद्यमेळा होणार होता आणि तिच्या शाळेला दहा पास आले होते. पाच मुली, आणि प्रत्येकीबरोबर घरचं एक माणूस. वर मिसबाईंनी जाहीर केलं होतं, की शाळेच्या कपाटात एक व्हायोलिन पडून आहे; जी मुलगी हा कार्यक्रम सगळ्यात चांगला ऐकेल तिला मी ते शिकवीन. "पण घरच्या माणसानं गोंधळ केला, तर तो त्या मुलीचाच धरला जाईल!"

व्हायोलिन! जयवंताला आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी थापतानासुद्धा तिची मान डावीकडे कलायची.

आई वडगावला मावशीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणजे सोबतीला उरले आप्पा. आणि आप्पा म्हणजे साऱ्या शहापुरात वन्समोअरसाठी गाजलेला माणूस. नाटक कंपनी गावात आली, की एकेक पद ते चार-चारदा म्हणायला लावायचे. एकदा तर कंपनीचे मालक पडद्यामागून येऊन हात जोडून म्हणाले होते, "तम्मण्णा, नायिकेचं लगीन आज लागू द्या की हो."

"तिथं वन्समोअर म्हणत न्हाईत," जयवंतानं बजावलं.

"मग आवडलं ते वाजवणाऱ्याला कळायचं कसं?"

"सगळं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या."

"म्हंजे आज जेवायचं, आन् आमटी झकास झालती म्हणून उद्या सांगाया जायचं व्हय?" आप्पा हसले. पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी गळ्याची शपथ घेतली आणि स्वतः विणलेला नवा अबोली फेटा डोक्याला बांधला.

हॉलात पाऊल टाकलं मात्र, आणि शिस्त लावणारी जयवंताच तोंड उघडं टाकून उभी राहिली. केवढी ती झुंबरं! पितळी वाद्यं अशी लखलखत होती, की दिवाळीला घासलेली भांडी त्यांच्यापुढं काळी वाटावीत. ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांवर काळ्या कोटातले चाळीस जण बसले होते, आणि चाळिसांतला एकही शेजाऱ्याशी बोलत नव्हता!

"ह्यो पाठ करून उभारलाय, त्याला कुणी सांगंल का?" आप्पा कुजबुजले.

"ते बँडमास्टर. तेच सगळं चालवतात."

"वाजवतात काय?"

"काही न्हाय."

"मग पंच म्हण की!"

"शूऽऽ!" पलीकडून मिसबाईंची नजर आली. आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

कार्यक्रमाचा छापील कागद मुलींनी आधीच पाठ केला होता. पूर्वार्धात इंग्लंडातल्याच, पण तिकडंही कुणी वाजवत नसलेल्या रचना होत्या. उत्तरार्धात सगळ्यांच्या ओठांवरच्या धुना, आणि त्यात एक प्रसिद्ध वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची धून. "पूर्वार्ध जरा सोसा," असं खुद्द मिसबाईंनीच सांगितलं होतं. मडमाही तो सोसायच्या तयारीनं पंखे घेऊन आल्या होत्या. पुढच्या रांगेतले कर्नलसाहेब तर बँडमास्टरांच्या हातातली काठी वर जायच्या आधीच झोपले.

काठी वर गेली. व्हायोलिनवरचे वीस गज एकदम वर, एकदम खाली!

"आई गं!" आप्पांच्या तोंडातून निघालंच. "आमी दोघं भाऊ शेजारी-शेजारी मागावर बसलो तरी ठोक्याला ठोका लागत न्हाय. हितं वीस हात आन् एक धागा तुटंना!"

जयवंतानं त्यांचं मनगट धरलं. तेव्हापासून ती ऐकत नव्हती, फक्त पहारा देत होती. आप्पांचा गुडघा हलला, दाबला. आप्पांची मान डोलली, चिमटा काढला. त्या रचनेचे तीन भाग होते. पहिला कसाबसा पार पडला. दुसरा संथ होता. त्यात एक पितळी शिंग एकटंच काहीतरी बोलू लागलं, आणि आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे लक्षण फार वाईट. जयवंतानं दोन्ही हातांनी मनगट आवळलं.

भाग संपला. दोन भागांच्या मधे टाळी वाजवायची नाही, अशी तिकडची रीत. हॉलात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"वन्समोअऽऽर!"

नाटकाच्या तंबूतून बाजारापर्यंत जाणारा तो आवाज. कॅम्पातल्या हॉलात तो छताला लागून दोनदा परत आला.

कर्नलसाहेब दचकून जागे झाले. आपण झोपलो होतो हे कुणाला कळू नये म्हणून त्यांनी शिपाईगड्यासारखा झटपट निर्णय घेतला. ताडकन उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. कर्नल उभे म्हटल्यावर मेजर बसणार कसा? मेजर उठला, म्हणून कॅप्टन उठले. कॅप्टन उठले, म्हणून त्यांच्या बायका उठल्या. अर्ध्या मिनिटात सगळा हॉल उभा राहून टाळ्यांचा पाऊस पाडत होता, आणि का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मिसबाईंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती.

बँडमास्टर वळले. म्हातारा माणूस. त्या रचनेला आजवर जांभयांशिवाय काही मिळालं नसावं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी थेट आप्पांकडे बघून कमरेत वाकून नमस्कार केला आणि समोरची पानं मागं उलटली.

"बघ," आप्पा म्हणाले, "त्यास्नी कळतंय."

जयवंताचं व्हायोलिन गेलं होतं. आता कशाला पहारा द्यायचा? तिनं आप्पांचं मनगट सोडलं आणि रिकाम्या हातांनी बसून राहिली. आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, तिला ते शिंग ऐकू आलं.

पहाटे हिंडलग्याच्या शेतावर धुकं असावं, दूर कुणीतरी कुणाला हाक मारावी, आणि ओ येईपर्यंत सगळ्या रानानं श्वास धरून थांबावं, तसं ते होतं. खालून वीस गज हलकेच फिरत होते. हाक पुन्हा आली. या वेळी थोडी खाली, थोडी दमलेली. एवढ्या मोठ्या हॉलात, एवढ्या माणसांत, ती हाक आपल्यालाच आहे असं तिला वाटलं. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. शिंग थांबलं तरी ती ऐकतच होती.

भानावर आली, तर शेजारची खुर्ची रिकामी! आप्पा मंचावर पोचले होते. वन्समोअर दिलेल्या कलावंताचा मान राखल्याशिवाय परतायचं नाही, हा शहापूरचा रिवाज.

"साहेब, मुंडकं जरा वाकवा."

साहेबांना मराठी येत नव्हतं, पण हातातला फेटा दिसत होता. ते वाकले. आप्पांनी फेऱ्यामागून फेरा घालत, मधेच एक पसंत पडला नाही म्हणून सोडून पुन्हा घालत, तब्येतीत फेटा बांधला. कर्नलसाहेबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, मग मेजरांनी, मग सगळ्यांनी. तिसरा भाग बँडमास्टरांनी फेट्यातच चालवला. प्रत्येक ठोक्याला मागचा शेमला उडत होता. एवढं सगळं होईस्तोवर पलटणीच्या जेवणाचं बिगूल वाजलं, आणि बिगुलापुढं कुणाचं काही चालत नाही. उत्तरार्ध राहिलाच. मडमा आप्पांकडे अशा बघत बाहेर पडल्या, की टांग्याचा घोडासुद्धा बिचकला.

"लई भारी झालं," घरी परतताना खडेबाजारात आप्पा उघड्या डोक्यानं म्हणाले. "आन् तू रडतीस कशाला गं?"

"माझं व्हायोलिन गेलं, आप्पा."

आप्पांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "उद्या जाऊन मिसबाईंच्या पाया पडतो."

"नको! तुमी आता कुठं बी जाऊ नका!"

सोमवारी मिसबाईंनी पाचही मुलींना बोलावलं. "सगळ्यात जास्त काय आवडलं?"

"वॉल्ट्झ," गुणा म्हणाली. "फारच गोड होता."

"मलापण वॉल्ट्झ," मालू म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं."

उरलेल्या दोघींनाही वॉल्ट्झच आवडला होता.

जयवंता खाली बघत म्हणाली, "मिसबाई, मी आधी काहीच ऐकलं नाही. आप्पांना धरून बसले होते. पण शिंगाचं ते दुसऱ्यांदा वाजलं, तेव्हा ऐकलं."

"काय ऐकलंस?"

जयवंतानं डोळे मिटले आणि गुणगुणली. पहिली हाक, मग थांबणं, मग ती खालची, दमलेली हाक.

मिसबाई इतर चौघींकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "वॉल्ट्झ छानच आहे. पण परवा तो वाजलाच नाही."

चौघीही आपापल्या पायांची बोटं मोजू लागल्या.

मिसबाईंनी कपाट उघडून काळी पेटी टेबलावर ठेवली. जयवंतानं झाकण उचललं. आत व्हायोलिन होतं, आणि चार तारांपैकी त्यावर एकच उरली होती.

"बाकीच्या मुंबईहून मागवू," मिसबाई ओशाळून म्हणाल्या. "तोवर..."

पण जयवंतानं ती एक तार बोटानं छेडलीसुद्धा होती, आणि सगळ्यांना हातानं गप्प बसायची खूण करून ती ऐकत होती.