त्रेसष्टावी

"या शाळेतून आजवर किती मुलं पळून गेली?"

हा प्रश्न भिंगरीचा नव्हता. तो लांबडी आणि बडबडी या तिच्या दोघी मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत डोकं लावून तयार केला होता. नवी शाळा बघायला गेलीस की तिथल्या मुख्याध्यापकांना तोंडावर विचारून दाखव, अशी पैज होती. "नाही विचारलंस तर आमच्याशी बोलू नकोस," असंही बडबडीनं बजावलं होतं. खरं तर न बोलता बडबडीच पाच मिनिटांत गुदमरली असती, पण पैज ती पैज.

भिंगरी नववीत होती. एका जागी बसणं जमत नाही म्हणून घरात पडलेलं हे नाव शाळेतही चिकटलं होतं. तिला डिस्लेक्सिया आहे, हे वर्षापूर्वी कळलं. त्याआधी बाबांना वाटायचं, डोळ्यांचा दोष आहे. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे मुलगी वाचताना अडखळते म्हटल्यावर दुसरं काही त्यांच्या डोक्यातच आलं नाही. दोन वर्षांत सहा चष्मे झाले. सहाव्या चष्म्यातून भिंगरीला समोरच्या गच्चीवरची मुंगीसुद्धा दिसायला लागली, पण धडा होता तिथंच होता.

मग कळलं, की डोळे ठणठणीत आहेत, डोकंही ठणठणीत आहे, फक्त अक्षरांशी जमवून घ्यायला तिला जास्त वेळ लागतो. आपण मठ्ठ नाही, हे समजल्या दिवसापासून भिंगरीला जी शिंगं फुटली म्हणता! ती आता कोणालाही काहीही विचारायची. फक्त कोणी "मोठ्यानं वाच" म्हटलं, की सगळी शिंगं झटक्यात आत. वर्गात बाकाबाकानं वाचन चालायचं. तिची पाळी आली की दुसऱ्या ओळीलाच सर म्हणायचे, "राहू दे. पुढची." एवढंच. ओरडायचेसुद्धा नाहीत. पण ते "राहू दे" तिला दिवसभर पुरायचं.

आई कुरिअरच्या ऑफिसात कामाला होती. कुठलं पार्सल कुठं जाणार हे ठरवायची तिला सवय, म्हणून शाळेसाठीही तिनं वही केली होती. सात शाळा, नऊ रकाने. अंतर, शिक्षक, वर्गात मुलं किती, असे. आई म्हणायची, शाळा बदलायचीच. बाबा म्हणायचे, सवयीची शाळा, जिवाच्या मैत्रिणी, कशाला हलवायचं पोरीला? चार महिने रोज सकाळी चहाबरोबर हा वाद व्हायचा आणि रोज चहा संपला की संपायचा. भिंगरीला काय वाटतं, हा रकाना वहीत नव्हता.

आणि आता सातवी शाळा. इथं नववीत एकच जागा उरली होती, आणि ती हवी की नको ते आजच सांगायचं होतं.

आईबाबा समुपदेशक बाईंच्या खोलीत गेले. भिंगरी बाहेर बाकावर. इथलं काम झालं की नेहमीच्या शाळेत जायचं म्हणून तिनं गणवेशच घातला होता, पांढरा शर्ट आणि राखाडी स्कर्ट. या शाळेचा गणवेशही पांढरा शर्ट आणि राखाडी स्कर्ट. जगातल्या निम्म्या शाळांना दुसरा रंगच सुचत नाही, त्याला भिंगरी काय करणार?

समोर माशांच्या टाकीजवळ एक कोटवाले गृहस्थ उभे होते. हातात फाइल, कपाळावर आठ्या. हेच मुख्याध्यापक! भिंगरीनं ताडलं, श्वास भरला आणि प्रश्न फेकला.

"या शाळेतून आजवर किती मुलं पळून गेली?"

कोटवाल्यांचा चेहरा उतरला. "पळून? मुलं?"

"हो. किती?"

"मला काय माहीत!"

"तुम्हालाही माहीत नाही?" भिंगरी थक्क झाली. "निदान अंदाजे?"

कोटवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या गणवेशाकडे पाहिलं. मग "थांब इथंच," म्हणत ते ऑफिसकडे जवळजवळ धावतच सुटले.

ऑफिसात एक ताई लिफाफे चिकटवत होत्या.

"ताई, तुमची किती मुलं पळाली?"

"आमची? कधी?"

"ते मला विचारता? तुमचीच एक मुलगी बाहेर सगळ्यांना विचारत फिरतेय!"

भिंगरीनं एकालाच विचारलं होतं, पण घाबरलेल्या माणसाला एकाचे सगळे व्हायला वेळ लागत नाही. ताईंच्या हातातला लिफाफा हातातच राहिला. त्यांनी गेटवर फोन लावला. गेटवरचे काका एकोणीस वर्षं त्या गेटवर होते.

"काका, आत्ता गेटमधून कोणी बाहेर गेलं?"

"माझ्यासमोर तर कोणी नाही."

"तुमच्यासमोर नाही म्हणजे? तुम्ही कुठं होतात?"

"पाण्याची बाटली भरायला गेलो होतो. दोनच मिनिटं."

"अरे देवा! तेवढ्यात किती गेली असतील?"

काका प्रामाणिक माणूस. त्यांनी गेटकडे पाहून मनाशी हिशेब केला. "दोनपेक्षा जास्त नाही जाणार, ताई. गेट फार जड आहे."

झालं! दोन हा आकडा पक्का झाला. मग घंटा वाजली, लांबलचक, थांबायचं नाव न घेणारी. वर्गावर्गांतून मुलं मैदानावर निघाली. भिंगरीला वाटलं, सुट्टी झाली. काय चाललंय ते बघायला ती दारापर्यंत गेली, तोच गळ्यात शिट्टी अडकवलेल्या खेळाच्या बाईंनी तिला दंडाला धरलं.

"ए, कुठं निघालीस? ओळीत!"

"बाई, मी या शाळेची नाही."

"हो का? कवायतीच्या वेळीपण तुमच्यातलं कोणी या शाळेचं नसतं. चल!"

भिंगरीच्या उंचीकडे बघून बाईंनी तिला नववीच्या ओळीत उभं केलं. पुढं लांब वेणीची एक मुलगी होती. ती मान न वळवता पुटपुटली, "दोघंजण पळाली म्हणे."

"कोण?"

"तेच शोधतायत."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. आपण नुसतं विचारलं, आणि खरंच पळाली? इतक्या लगेच? लांबडी आणि बडबडीला सांगितलं तर त्या शपथेवरसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत!

खेळाच्या बाईंनी मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर त्या थबकल्या, आणि हातात पट घेऊन उभ्या असलेल्या गणिताच्या सरांकडे गेल्या.

"सर, त्रेसष्ट."

"पटावर बासष्ट आहेत. आज सगळी आली होती."

"आणि दोन पळाली तर?"

"तर साठ हवीत. पुन्हा मोजा."

पुन्हा त्रेसष्ट. तिसऱ्यांदा सरांनी स्वतः प्रत्येकाच्या खांद्याला पट्टी टेकवत मोजलं. भिंगरीच्या खांद्यालाही पट्टी टेकली. "सर, मी या शाळेची नाही हो," ती म्हणाली. "गप्प. आकडा चुकेल माझा," असं म्हणून सर पुढं सरकले. त्रेसष्ट!

सरांनी चष्मा पुसला. "साठ उरायला हवीत. उभी आहेत त्रेसष्ट. याचा अर्थ, बाहेरून तीन आली."

"बाहेरून कशाला येतील, सर?"

"ते मला माहीत नाही. मी फक्त गणित सांगतो."

ऑफिसातल्या ताई पायरीवरच बसल्या. दोन गेली, तीन आली, आणि कोणती गेली, कोणती आली, काहीच कळेना. कोटवाल्यांनी फाइल छातीशी धरून हळूच विचारलं, "इथं प्रवेश असाच होतो का?"

तेवढ्यात सुतारकामाच्या खोलीतून एक ठेंगण्या बाई हात झटकत आल्या. दोन्ही कोपरांपर्यंत लाकडाचा भुसा. सगळे बाजूला झाले, त्यावरून या मोठ्या बाई असाव्यात, असं भिंगरीला वाटलं. मग ते कोटवाले कोण? तिला काहीच समजेना.

"मोजू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "नावं घ्या. ज्या त्या वर्गाची यादी त्या वर्गानंच वाचायची."

नववीची यादी वेणीवालीच्या हातात आली. ती वाचायला लागली, आणि भिंगरीनं डोळे मोठे केले. वेणीवाली अक्षराखाली बोट धरून, थांबत थांबत वाचत होती. दुसऱ्या नावावर अडली. मागं गेली. पुन्हा आली. भिंगरी मनातल्या मनात वाट बघत होती, आता कोणीतरी म्हणेल. आत्ता म्हणेल. शाळेत एवढा गोंधळ, दोन मुलं गायब, तीन परकी आत, आणि ही एकेक नाव घासाघासानं वाचतेय!

कोणीच काही म्हणेना. गणिताचे सर बसची वाट बघावी तसे निवांत आभाळाकडे बघत उभे होते. खेळाच्या बाई शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. मागून कोणी खुसखुसलंही नाही. चार नावं झाली. चौघं "हजर" म्हणाली.

"छान. आता उरलेली तू वाच," असं म्हणून खेळाच्या बाईंनी यादी भिंगरीच्या हातात दिली.

इकडे आईबाबा खोलीतून बाहेर आले, तर बाक रिकामा. ऑफिस रिकामं. वर्ग रिकामे. आई तडक गेटवर धावली.

"काका, आमची मुलगी दिसली का?"

काकांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे त्या दोघांतली एक तुमची होती!"

"कुठल्या दोघांतली?" आईचा आवाज फाटला.

"मुलीची माहिती सांगा, साहेब," काकांनी खिशातून पेन काढलं.

बाबा घाईघाईनं म्हणाले, "चौदा वर्षांची. डाव्या डोळ्याचा नंबर शून्य, उजव्याचाही शून्य."

"आणि दिसायला?"

"दिसतं तिला व्यवस्थित!"

"अहो, गप्प बसा हो!" म्हणत आई मैदानाकडे पळाली, मागून बाबा, त्यांच्या मागून काका. ओळींच्या मागं पोचल्यावर बाबांनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि आईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

भिंगरी वाचत होती. मोठ्यानं.

तिसऱ्या नावाला ती अडखळली. चुकीचं वाचलं. थांबली. मान वर करून तिनं आधी सरांकडे पाहिलं, मग खेळाच्या बाईंकडे. सर अजून आभाळातच होते. तिनं पुन्हा यादीत बोट ठेवलं, नाव सुरुवातीपासून घेतलं आणि पार केलं. "हजर!" एक मुलगा ओरडला. "माझं नाव सगळ्यांना जड जातं. मलापण!"

सात नावं झाली. दोन वर्षांत घरात कोणी भिंगरीला सात शब्द सलग वाचताना ऐकलं नव्हतं. बाबांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

सगळे वर्ग हजर निघाले. नववीही अकराच्या अकरा. ओळीत मात्र बारा.

"आणि तू गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बाई, मी या शाळेची नाही," भिंगरीनं तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी ते ऐकू गेलं.

"भिंगरे!" आईनं तिला मिठी मारली आणि त्याच हातानं पाठीत एक धपाटाही घातला.

"पण मुलं पळाली, असं म्हणालं कोण?" मोठ्या बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. काकांनी ताईंकडे बोट केलं. ताईंनी कोटवाल्यांकडे. कोटवाल्यांनी भिंगरीकडे.

"मी कुठं म्हणाले? मी मुख्याध्यापकांना नुसतं विचारलं, किती पळाली म्हणून!"

"मी मुख्याध्यापक?" कोटवाले ओरडले. "मी माझ्या मुलासाठी शाळा बघायला आलोय!"

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातावरचा भुसा झटकला. "प्रश्न चांगला आहे. सर, उत्तर द्या तिला."

गणिताच्या सरांनी पट मिटला. "गेली शून्य. आली एक. म्हणजे आजवर पळून गेलेली मुलं, उणे एक."

बाहेर रस्त्यावर आल्याआल्या आईनं वही उघडली आणि पेननं एक जोरदार फुली मारली. "नको बाई ही शाळा! ज्यांना आपली स्वतःची मुलं मोजता येत नाहीत, त्यांच्याकडे पोर ठेवायची?"

"अगं, तीनदा मोजलं त्यांनी," बाबा म्हणाले. "आणि तिन्ही वेळा बरोबर मोजलं."

"आणि तो गेटवरचा माणूस?"

"पाणी प्यायचं नाही का त्यानं? ती वाचत होती, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं हो! पण चार महिने तुम्हीच म्हणत होतात, शाळा बदलायची नाही!"

"आणि चार महिने तूच म्हणत होतीस, बदलायची!"

दोघंही एकदम थांबले. आपण कुठल्या बाजूला होतो आणि आता कुठल्या बाजूला आहोत, हे आठवायचा दोघांनी मनापासून प्रयत्न केला. आईनं वहीचे नऊही रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. त्यात काही सापडेना.

भिंगरी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. शिंगं बाहेर होती.

"झालं तुमचं? आता मी सांगते. मी इथं येणार. लांबडी आणि बडबडीला मी समजावते. शाळा सुटल्यावरही बोलता येतं, आणि बडबडी तर बोलतेच. आई, फुली खोड आणि एक नवा रकाना काढ. त्यात लिही, या लोकांनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा त्रेसष्ट आले. उद्या मी नसले, तर त्या सरांचं उत्तर चुकेल. आणि इतक्या मेहनतीनं मोजलेलं मी चुकू देणार नाही!"