हवालदारांची अदलाबदल

ज्ञानू हवालदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ओट्यावर बसून एका बुचाला झापत होते. लेमनच्या बाटलीचं पत्र्याचं, नारिंगी रंगाचं बूच. "तुक्या, लेका, लाइन सोडून कुठं हिंडतुयास? रेशन काय फुकटचं खातुयास व्हय रं?" मी मुलींच्या शाळेत बदलून आले होते आणि काखेत वळकटी धरून शेजारच्या खोलीचं कुलूप उघडत होते. हे कुठे येऊन पडलो आपण, असं वाटलं आणि मी घाईघाईने आत शिरून कडी लावली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. इस्लामपुरात तेव्हा पोरं कबड्डी खेळत आणि मोठी माणसं कुस्तीबद्दल बोलत. फुटबॉल हे कोल्हापूरकरांचं खूळ, असा सगळ्यांचा समज होता. हवालदारांनी ते खूळ पलटणीतून आणलं होतं. गुडघा निकामी झालेला, त्यामुळे मैदान त्यांनी ओट्यावर घेतलं. जुन्या दाराची फळी, तिच्यावर चुन्याच्या रेघा, दोन्हीकडे अकरा-अकरा बुचं आणि चेंडू म्हणून तुरीचा दाणा. बुचाला टिचकी मारायची नाही. कोणी कुठे उभं राहायचं ते हवालदार ठरवायचे आणि मग कवड्या टाकायचे. किती उताण्या पडल्या त्यावरून चेंडू पुढे गेला, चोरीला गेला की गोल झाला ते ठरायचं.

"खेळत्यात कवड्या, बाई," त्यांनी मला समजावलं. "मी फकस्त मांडणी करतो. मांडणीत समदं हाय."

आणि त्या मांडणीतला त्यांचा जीव की प्राण म्हणजे अदलाबदल. मैदानाच्या दोन टोकांना रेघेला धरून पळणारे दोन गडी असतात. डावीकडचा लेफ्ट औट, उजवीकडचा राइट औट. नारिंगी तुक्या लेफ्ट औट आणि हिरवा रामा राइट औट. सामना अंगावर आला की हवालदार दोघांना उचलायचे आणि तुक्याला उजवीकडे, रामाला डावीकडे ठेवायचे. "डाव्या पायाचा गडी उजव्या अंगाला लावा. आत वळला की पाय मोकळा हुतो. समोरच्याला कळतच न्हाई, ह्यो आला कुठनं!" एवढं बोलून कवड्या टाकायचे. बहुतेक वेळा गोल समोरच्याचाच व्हायचा. समोरचेही तेच असल्याने फार दुःख नसायचं.

"तुम्ही स्वतः कुठल्या बाजूला खेळायचात?" मी एकदा विचारलं.

"मी राखीव हुतो," ते म्हणाले. "हाफटाइमाला गड्यांसाठी लिंबं कापायचो." आणि लगेच बुचं पुसायला लागले.

हे खूळ फळीवर राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण हवालदारांना जिथे जोडी दिसेल तिथे हात शिवशिवायचे. भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर बसतात. एका एकादशीला त्यांनी दोन्हीकडच्या टोकांची माणसं बदलली आणि कानाने मंद असलेले रामभाऊ नेमके मृदंगाशेजारी आले. त्या दिवशी रामभाऊंचा टाळ आयुष्यात पहिल्यांदा ठेक्यात वाजला. लोकांनी कौतुक केलं आणि घात झाला. पुढच्याच गळिताच्या हंगामात त्यांनी आपल्या ऊसगाडीचे बैल बदलले.

बैल एका बाजूला जुंपायची सवय लागली की जन्मभर तीच बाजू धरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हवालदारांनी डाव्या अंगाचा बैल उजवीकडे जुंपला, उजवीकडचा डावीकडे, वर उसाच्या मोळ्या रचल्या आणि कारखान्याची वाट धरली. वेशीपर्यंत बैलांनी सोसलं. मग दोघांनीही आपापली जागा घ्यायचं एकदमच ठरवलं. गाडी आडवी झाली, ऊस रस्ताभर पसरला आणि मागे गाड्यांची रांग लागली. गाडीवान आयमाय उद्धारत असताना हवालदार उसावर बसून शांतपणे म्हणाले, "गड्यांनो, आत्ता पैला हाफ झालाय. दुसरा ऱ्हायलाय अजून."

"ह्येंना पलटणीनं सोडलं," हौसाक्का मला म्हणायच्या, "पर डोस्कं अजून डूटीवर हाय."

हौसाक्का म्हणजे त्यांची बायको. सडसडीत, करारी, आणि भाकरी अशी की तव्यावर टाकताच टम्म फुगावी. घरात अदलाबदलीला त्यांची सक्त मनाई होती. आणखी एका गोष्टीत त्या फार कडक होत्या. गल्लीतल्या कुठल्याही पोराने खाऊला डावा हात पुढे केला की चापट बसलीच. "डाव्या हातानं अन्नाला शिवायचं न्हाई!" माझ्या शाळेतल्या दोन डावखुऱ्या मुलीसुद्धा त्यांच्या ओट्यापुढून जाताना हात पाठीमागे धरत.

आणि एका सकाळी, नळावर कळशी उचलताना, हौसाक्कांच्या अंगावरून वारं गेलं. सांगलीला नेलं, औषधं झाली. पाय हळूहळू वळणावर आला. उजवा हात मात्र लाकडासारखा पडून राहिला.

लेक आटपाडीला दिलेली. ती पोटुशी असतानाही येऊन राहिली, पण दिवस भरत आल्यावर सासरच्यांनी तिला परत नेलं. मग हवालदार घास भरवू लागले. हौसाक्का दोन घास घेत आणि तोंड मिटत. "पुरं." आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलेल्या बाईला पोरासारखं तोंड उघडणं जमेना. आणि डावा हात वापरा म्हटलं की त्या भिंतीकडे तोंड करत. महिन्याभरात त्यांच्या गळ्याची हाडं वर आली. ही बाई भुकेने नव्हे, लाजेने चालली आहे, हे मला दिसत होतं आणि काही सुचत नव्हतं. ओट्यावरची फळी भिंतीला टेकून उभी होती.

उन्हाळ्यात शाळा सकाळची होती. एका दुपारी हवालदार माझ्या दारात उभे राहिले. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. "बाई, तुमच्या सैपाकघरात बसून जेवू का? आमच्या घरात हिच्यासमोर सराव करता येत न्हाई."

कसला सराव ते मला ते बसल्यावर कळलं. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला, आपोआप उठू नये म्हणून, आणि डाव्या हाताने भाकरी मोडायला लागले. अख्खी भाकरीच उठून आली. आमटीची वाटी कलंडली. सदरा भिजला. हा थोराड, मिशाळ माणूस एका हाताने भाकरीशी झुंजत होता आणि मला हसूही येत होतं, गलबलूनही येत होतं. मी पदर तोंडाला लावून शेगडीकडे वळले. आठवडाभर ते रोज आले. रोज सदरा भिजायचा.

मग एके दिवशी भिंतीपलीकडून हौसाक्कांचा आवाज आला. किती दिवसांनी तो मोठा आवाज! मी धावत गेले. स्वयंपाकघरातलं सगळं उजवीकडचं डावीकडे गेलं होतं. घडवंची, पाण्याचा हंडा, मिठाची बरणी. आणि मधोमध हवालदार डाव्या हाताने जेवत होते.

"आवं, डावा हात! लाज न्हाई वाटत?"

"तुजा उजवा बसलाय, मग माजा बी बसवला. एकटीनं कशाला खेळायचं?"

 पण त्या भाकरीच्या चिंधड्या काही हौसाक्कांना बघवेनात. "मोडायची तरी नीट मोडा. बोटांनी दाबा. अंगठ्यानं वडा. असं न्हवं!" शेवटी त्यांनी डावा हात पुढे केला आणि सुबक कोर मोडून दाखवली. हातात आलेल्या त्या कोरेकडे क्षणभर पाहिलं. मग मला म्हणाल्या, "बाई, दार लावून घ्या." मी आतून दार लावलं तेव्हा त्यांनी ती खाल्ली.

त्यानंतर दाराला कडी घालून त्या पोटभर जेवू लागल्या. पण फक्त कडी घालून.

नातू झाला. त्याच्या जावळाचं आमंत्रण आटपाडीहून आलं आणि हौसाक्का हटून बसल्या. "व्याह्यांच्या दारात, चारचौघांत, डाव्या हातानं जेवू? लेकीला जन्मभर बोल लागंल. आन् न जेवता उठले तर त्येंचा अपमान. मी येत न्हाई." नातवाचं तोंडही त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. हवालदार एवढंच म्हणाले, "तू चल. बाईंना संगं घेऊ. पुढचं माज्याकडं."

एस.टी.तून उतरलो. नातवाला मांडीवर घेऊन त्या रडल्या, हसल्या. मग पंगत बसली. मांडवात एका बाजूला पुरुष, समोर बायका. मी हौसाक्कांच्या शेजारी. पत्रावळीवर भाकरी आली, मटणाचा रस्सा आला. त्यांचा डावा हात पदराखाली घट्ट मिटलेला. वाढप्यांवर देखरेख करत उभ्या असलेल्या विहीणबाईंची नजर आमच्याच रांगेवरून फिरत होती.

तेवढ्यात समोरून हवालदारांचा आवाज आला. भर पंगतीत ते चांगल्या गुडघ्यावर उठले होते, डाव्या हातात हाडूक. "व्याही, डाव्या अंगानं जेवून बघा! लय लवकर पचतंय!" सगळा मांडव वळला. कोणी हसलं, कोणी "शिव शिव" म्हणालं. हवालदारांनी पत्रावळीवर कांद्याच्या फोडी मांडल्या, लिंबाची फोड डावीकडून उजवीकडे नेली आणि लेफ्ट औट, राइट औट सुरू केलं. वाढपी थांबले. विहीणबाई पदर तोंडाला लावून बघायला पुढे सरकल्या. "येडा हाय रं ह्यो," कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

बायकांच्या रांगेकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. माझ्या शेजारी पदर हलला. हौसाक्कांनी अंगठ्याने भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि मान खाली घालून जेवू लागल्या. समोर हवालदार बोलत होते, हातवारे करत होते, थांबायचं नावच घेत नव्हते. या पंगतीत त्या माणसाने एक घासही पोटात घातला नव्हता. 

हौसाक्कांनी पुन्हा रस्सा मागून घेतला. मग वर न बघता हळूच म्हणाल्या, "बाई, ह्येंच्यासाठी चार भाकऱ्या बांधून घ्या कुणाला न सांगता. जाताना गाडीत मी मोडून देते."