पाहुणा चढ

लाओसमधला एक चढ मागच्या बुधवारी आमच्या बोळात राहायला आला.

सकाळी दूध घ्यायला मी दार उघडलं, तर उंबऱ्यापासूनच रस्ता वर गेलेला. आमचं गाव कृष्णाकाठचं, ताटासारखं सपाट. इथं चढ म्हणजे फार तर रेल्वेचा पूल. पण हा मी लगेच ओळखला. तांबडी माती, डाव्या अंगाला केळी आणि चाकाखाली सरकणारी तीच बारीक खडी. मुळात तो सहा किलोमीटरचा आणि आमचा बोळ जेमतेम दहा घरांचा, त्यामुळे पाहुण्यानं लहान खोलीत पाय आखडून झोपावं तसा तो आखडून पडला होता.

"कोण आलंय गं पद्मा?" अण्णांनी आतून विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील. वयानं ऐंशीच्या पुढचे आणि दम्यानं बेजार.

"लाओसचा चढ आलाय."

"मग त्याला बाहेर का उभा केलायस?"

यात चूक माझीच. गेल्या हिवाळ्यात मी सायकलवरून थायलंड, लाओस, कंबोडिया असं एकटीच हिंडून आले. लोकांना वाटतं, अशा प्रवासात नुसती मजा असते. असते, नाही म्हणत नाही. ओळख ना पाळख, एखादी बाई रस्त्यात थांबवून शहाळं हातात देते आणि पिऊन होईपर्यंत, पदर नसला तरी हातानंच, आपल्याला वारा घालते. पण ऊन असं की हँडलला हात लावायची चोरी. सीटवर कातडी सोलवटते, कुत्री पोटरीचा अंदाज घेत मागं लागतात, आणि पंक्चर व्हायचं ते नेमकं सावली नसेल तिथं. त्यात प्रत्येक गावात एकच प्रश्न. तीन देश, तीन भाषा, प्रश्न तोच: एकटीच? मी हसून सायकलकडे बोट दाखवायची. दिवसचे दिवस कुणाशी धड बोलणं व्हायचं नाही, तेव्हा तो प्रश्न मलाही छळायचा.

या चढानं मला पहिल्यांदा सोबत केली. चढ बोलतात. फक्त त्यांचं बोलणं ऐकू यायला आपल्याला धाप लागलेली असावी लागते, म्हणून मोटारवाल्यांना हे कळत नाही. मी सायकल ढकलत होते आणि हा आपला, "थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय." धादांत खोटं. पण दुपारभर इतक्या मायेनं आपल्याशी खोटं बोलायला कोण बसलंय? माथ्यावर नोयमावशीची टपरी होती. वर आलेला प्रत्येक जण तिथं दम खायला थांबतो, आणि थांबला की बांबूच्या नळीत शिजवलेला तिचा चिकट भात घेतो. मीही खाल्ला आणि तिला माझा फोन नंबर दिला. निघताना मागं वळून, आपण म्हणतो तसं चढाला म्हणाले, "येते हं."

आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कुठलं माहीत? तो वाट बघत बसला. पावसाळा गेला तरी मी येईना. तेव्हा ही आजारी तर पडली नाही ना, म्हणून बघायला निघाला.

बोळातल्या वरच्या घरांना नळाचं पाणी चढेना, तशी तक्रार गेली आणि नगरपरिषदेतून मगदूमसाहेब आले. वर जाऊन खाली येईपर्यंत त्यांचा शर्ट भिजला होता.

"मला बसून घ्या म्हणाला," ते म्हणाले. "मराठी कसं काय येतं त्याला?"

"धाप सगळ्यांची सारखीच असते, साहेब."

"तेही खरंच. पण हे अतिक्रमण आहे. नोटीस काढावी लागेल. आला कसा हा?"

"मी येते म्हणाले होते."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही येते म्हणालात आणि गेला नाहीत. म्हणून तो आला. मग हे अतिक्रमण नाही होत, बाई. हा पाहुणा झाला. पाहुण्याला नोटीस काढायची तरतूद नाही. मागं वरच्या आळीत कारवारकडची एक खाडी आली होती. तिनं स्वतः निघायचं नाव काढेपर्यंत आम्हाला थांबावंच लागलं."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. आई गेल्यापासून अण्णा कामापुरतं बोलायचे. आता सकाळी उठले की खुर्ची चढाच्या पायथ्याशी. इतरांना धाप लागायला पार वरपर्यंत जावं लागायचं, अण्णांना दोन पावलं पुरायची. दोन पावलं चढायचे, खोकायचे, बसायचे आणि दोघांच्या गप्पा सुरू. ऊस, भात, आईच्या हातची कडकणी, काही विषय वर्ज्य नव्हता. येते म्हणजे काय, हेही त्यांनीच त्याला समजावलं आणि वर मलाच झापलं, "परक्या मुलखात नीट उलगडून बोलावं माणसानं."

रविवारी नोयमावशीचा व्हिडिओ कॉल आला. तिला मराठी येत नाही, मला लाओ येत नाही. तिनं फोन फिरवून रस्ता दाखवला. सपाट, सरळ. गाड्या टपरीपुढून भरधाव निघून जात होत्या, कुणी थांबत नव्हतं. भाताच्या नळ्या तशाच रचून ठेवलेल्या. मग तिनं आपला तळहात तिरका धरला, हळूच आडवा केला आणि माझ्याकडे बघत राहिली.

माझा दिवसभर धीर होईना. पाहुण्याला जा म्हणायची आमच्या घरात रीत नाही, आणि अण्णांची खुर्ची मला दिसत होती. पण तिकडं त्या बाईची चूल विझायची वेळ आली होती. संध्याकाळी सायकल काढली आणि दम लागेपर्यंत चढले.

"थोडंच राहिलंय," तो म्हणाला.

"गप रे. नोयमावशीचा फोन आला होता."

"बरी आहे ना?"

"तू इकडं आलास आणि तिकडं रस्ता सपाट झाला. टपरीवर कुणी थांबत नाही."

माझी धाप कमी व्हायला लागली, म्हणून मी खाली जाऊन पुन्हा चढून आले.

"लोक तिथं माझ्यामुळे थांबायचे?" त्यानं विचारलं. "मला वाटायचं, भातासाठी थांबतात. मला तर सगळे शिव्याच घालत वर येतात."

"मीही घातल्या होत्या."

"ऐकल्यात मी," तो म्हणाला. "निघायला हवं मग."

मला रडू आलं. चढावर डोळे पुसायला हात सोडला की सायकल मागं जाते, म्हणून तसंच रडले.

सकाळी अण्णांनी वाटीतलं दही-साखर त्याच्या खडीवर ठेवलं. मग काठी टेकत दोन पावलं चढले, आणि थांबले नाहीत. आणखी चढले. मी मागून हात धरायला गेले तर झिडकारला. पार केळीपाशी जाऊन वाकून उभे राहिले, कान देऊन. खाली आले तेव्हा त्यांना बोलवेना. मी पाठ चोळत बसले.

"काय म्हणाला?"

अण्णांनी श्वास सावरला. "येतो म्हणाला."

दुपारपर्यंत बोळ सपाट झाला आणि वरच्या घरांना पाणी आलं. दुसऱ्या दिवशी फोनवर नोयमावशीनं हसत तळहात तिरका धरून दाखवला.

मगदूमसाहेब पेव्हर ब्लॉकसाठी बोळाचं माप घ्यायला आले. टेप उलगडता उलगडता त्यांनी अण्णांना विचारलं, "जातो म्हणाला, की येतो?"

"येतो."

"समजावलं होतंत ना त्याला, आपल्यात कसं म्हणतात ते?"

"समजावलं होतं. समजूनच म्हणाला."

साहेबांनी टेप गुंडाळला. "मग जागा मोकळी ठेवावी लागेल," ते म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

बोळात आता त्या बाजूला कुणी गाडी लावत नाही. अण्णांची खुर्ची मी दोनदा आत आणून ठेवली, त्यांनी दोन्ही वेळा बाहेर नेली. रोज सकाळी ते सपाट बोळातून टोकापर्यंत चालत जातात, आणि धाप लागली की थांबून ऐकतात. मी शेजारून चालत असते. "थोडंच राहिलंय, अण्णा," मी म्हणते.

"खोटं बोलतेस," ते म्हणतात आणि पुढं चालू लागतात.