केसूशेठची बिनमहत्त्वाची गॅसविहीर

बाळांनो, खोड्या पुरे, आता ऐका. एका जंगलात जमिनीतून गॅस निघायचा. विहीर होती केसूशेठ अस्वलाची. विजेवरचा पंप गॅस ओढायचा आणि त्याच गॅसवर जंगलाचं वीजघर चालायचं. म्हणजे विजेला गॅस हवा अन् गॅसला वीज. आहे की नाही गंमत?

गोजराबाई नावाची लावी पक्षीण सिंहमहाराजांच्या कचेरीत शिक्के मारायची. घरी तिची सात अंडी विजेच्या शेगडीजवळ उबेला ठेवलेली. नोकरीवाल्या आईनं दुसरं काय करावं?

मागच्या थंडीत गॅसच्या नळ्या गोठल्या होत्या. म्हणून महाराजांनी नियम काढला: 'महत्त्वाच्या विहिरीनं हिवाळ्याआधी नळ्यांना गोधड्या गुंडाळाव्यात. महत्त्वाचं कोण, ते ज्याचं त्यानं लिहून द्यावं.'

केसूशेठ लगेच अर्ज घेऊन हजर.

"लिहा बाई, आमची विहीर अजिबात महत्त्वाची नाही."

"अहो, सगळं जंगल तुमच्यावर चालतं!"

"छे हो! मी आपला साधा माणूस. आणि एवढ्या गोधड्या शिवणार कोण?"

अर्ज नियमात बसत होता. गोजराबाईनं शिक्का मारला. तिथंच चुकली बिचारी.

पौषात थंडी अशी पडली की माकडांची दातखीळ बसली. घरोघरी शेगड्या लागल्या, वीज कमी पडली. वीजघरातल्या कोल्ह्यानं बिनमहत्त्वाच्यांची यादी काढली आणि त्यांची वीज तोडली. यादीत पहिली केसूशेठची विहीर! पंप बंद. गॅस बंद. मग वीजघरही बंद.

घरची शेगडीही विझली असणार, हे गोजराबाईनं ओळखलं. ती धावत महाराजांकडे गेली.

"महाराज, रजा द्या. माझी अंडी गार पडतील हो!"

"रजा? भलतंच! चौकशी समिती बसवायचीय. अहवालावर शिक्का कोण मारणार? तुम्ही फार महत्त्वाच्या आहात."

"आणि विहीर नव्हती?"

"तिनं तसं लिहून दिलं होतं ना, बाई!"

गोजराबाईचं डोकं फिरलं. तिनं शिक्का महाराजांच्या पंजात कोंबला. "घ्या. मारत बसा!"

ती भुर्रकन घरी गेली, पंख फुगवून अंड्यांवर बसली आणि थंडी ओसरेपर्यंत हलली नाही. सातही पिल्लं निघाली, देवाची कृपा.

इकडे समितीचा अहवाल आला: 'दोष थंडीचा. ती अर्ज न करता आली.' समितीचे अध्यक्ष अर्थातच केसूशेठ.

तात्पर्य: मुलांनो, आपण कुणीच नाही, असं वेळेवर लिहून द्यावं, पुढे अध्यक्षपद मिळतं. अंडी मात्र ज्याची त्यानं उबवावीत.