टिपणीसबाईंची पट्टी

टिपणीसबाईंनी शिवायला ब्लाउज कधी आणलाच नाही. आणायच्या ते पेशीच्या आतलं काहीतरी, नाहीतर एखादा अवयव. "हे यकृत. याला मागून काजं कर," म्हणून लाल कापडाचा गोळा मशीनवर ठेवायच्या, की मापाला उभी असलेली बाई दोन पावलं मागे सरकायची.

मी परभणीकडचा, सहावीतून शाळा सोडलेला. पनवेलला आलो तेव्हा बाईंनी आपल्या सोसायटीच्या जिन्याखाली मला मशीन लावू दिलं. म्हणून त्या सांगतील ते मी शिवायचो. त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, वर्गात दाखवायला त्यांना असे कापडी नमुने लागायचे. वर पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. "मुळात" हा त्यांचा शब्द. मुळात म्हणाल्या की अर्धा तास गेला.

एकदा वर्गासाठी त्यांनी लांब पट्टी सांगितली. एक तुकडा रंगीत, एक पांढरा, परत रंगीत. मला वाटलं, मधला पांढरा कशाला? ना शोभा, ना उपयोग. मी पांढरे काढून टाकले आणि रंगीत तेवढे जोडून, वर दुहेरी टीप मारून दिली.

बाई बघतच राहिल्या. गेलं मशीन रस्त्यावर, मी मनात म्हटलं. तर त्या जिन्यावर बसून हसायला लागल्या.

"अरे, मुळात पेशी हेच करते! माझ्या वर्गातल्या पोरांना कापायचं कामच ठेवलं नाहीस तू!"

मग समजावलं. मूळ बेतणी, म्हणजे डीएनए, कपाटात, कुलपात. बाहेर येते ती तिची नक्कल, आरएनए. तिच्यातले पांढरे तुकडे कापायचे, रंगीत जोडायचे. पण कात्रीला अक्कल नसते. नकलेवर जागोजागी प्रथिनं येऊन बसतात. एक म्हणतं, इथे काप. दुसरं म्हणतं, इथे हात लावशील तर बघ. प्रथिनं बदलली की एखादा रंगीत तुकडाही गळतो, आणि त्याच नकलेतून मेंदूत एक माल निघतो, काळजात दुसरा.

"म्हणजे एकाच बेतणीतून कधी सदरा, कधी बंडी?"

"तुला सहावीतून उठवलं कुणी रे?"

मी नवी पट्टी शिवली. प्रथिनं म्हणून टिचबटणं लावली.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग जिन्यापाशी भरली. नवे चेअरमन म्हणाले, "जिन्याखालचं मशीन हटवू. उगाचची अडगळ." हात वर व्हायला लागले. गावी काय तोंड दाखवणार?

"मुळात," म्हणत बाई उठल्या आणि पिशवीतून पट्टी काढली. एक टोक चेअरमनच्या हातात, दुसरं सेक्रेटरीच्या. वीस मिनिटं दोघं वाळत घातल्यासारखे उभे. शेवटी बाई म्हणाल्या, "उगाचचं काय, ते कात्रीनं ठरवायचं नसतं. कुणालातरी जागेवर बसून नको म्हणावं लागतं." आणि जाऊन माझ्या स्टुलावर बसल्या. उठेनात.

तळमजल्यावरचे म्हात्रेकाका, मोरा बंदरात होडीवर कामाला जाणारे, म्हणाले, "आमाला काय समजला नाय. पन राऊ द्या त्याला, नायतर बाई परत चालू होतील."

हात खाली आले.

सगळे गेल्यावर मी पाया पडायला वाकलो. बाईंनी अडवलं.

"मी कॉलेजातून घरी आले की तू मशीन बंद का करतोस?"

"तुम्हाला आवाजाचा त्रास नको म्हणून."

बाई एक टिचबटण उघडमीट करत राहिल्या. "नको करूस बंद. वर ऐकू येतं. घरात कुणीतरी काहीतरी करतंय, असं वाटतं."

त्या संध्याकाळी शिवायला काही उरलं नव्हतं. मी एका चिंधीवर टीप मारत बसलो, आठ वाजेपर्यंत.