शेवाळ न्हाय, जनावर!

आमच्या शेजारच्या सुमनमावशींकडं चहा हवा असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. त्यांच्या टीव्हीशेजारी काचेच्या वाडग्यात समुद्रातला एक वाळका स्पंज असतो. तो नाकासमोर धरून त्या विचारतात, "झाड का जनावर?"

माझ्या बहिणीला बघायला आलेला मुलगाही यातून सुटला नाही. वडीलधाऱ्या म्हणून मावशींना बोलावलं, तर त्या वाडगं घेऊनच आल्या. मुलगा म्हणाला, "भांडी घासायची घासणी?" मावशींनी पोह्यांची बशी अर्ध्या वाटेत थांबवली. "नीट बघा, मग बोला." लग्न जमलं, पण भावजी अजून आमच्याकडं आले की आधी मावशींच्या दाराला कडी लावलेली आहे का बघतात.

मावशींनी बारामतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिथला फ्लॅट सोडून नीरेकाठच्या आमच्या गावी, म्हणजे त्यांच्या जन्मगावी परत आल्या, एकट्याच. रोज सकाळी पदर खोचून घाटावर जायच्या, पाण्यातले दगड उलटे करून त्यांचा वास घ्यायच्या. गाव म्हणायचं, "मॅडमचं डोकं फिरलंय."

गेल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि ग्रामपंचायतीनं घाट खरवडायला जेसीबी आणला. मावशी त्याच्या पुढ्यात पायरीवर जाऊन बसल्या.

"मॅडम, उठा की. शेवाळ हाय नुसतं," सरपंच म्हणाले.

"शेवाळ न्हाय, जनावर हाय! नदीतला स्पंज. काळीज न्हाय, मेंदू न्हाय, तोंड न्हाय, तरी दिसभर पाणी गाळत बसतंय."

"तोंड न्हाय म्हंजे तक्रार बी न्हाय," जेसीबीवाला म्हणाला. "मग काढू का?"

मावशींनी धुणं धुणाऱ्या एका बाईचा पांढरा टब मागून घेतला. नदीच्या पाण्यात तो बुडवून, हिरवट खरबरीत थर असलेला एक दगड पाण्यासकट त्यात उचलला. त्या थराजवळ आपल्या पेनातला शाईचा थेंब सोडला. "आता गप."

सगळे वाकले. सरपंच तर गुडघ्यांवर आले. शाई हळूहळू थरात ओढली गेली, आणि जरा वेळानं वरच्या बारक्या भोकातून निळ्या धुरासारखी बाहेर आली.

"आयला, जितं हाय की!" सरपंच ओरडले.

जेसीबी माघारी गेला. आता निमगाव केतकीच्या बाजारात आमचं गाव छाती फुगवून विचारतं, "आमच्या नदीत असलं जनावर हाय, तुमच्यात हाय का?" मीही विचारतो.

त्या दिवशी मावशींनी दगड पुन्हा जागेवर ठेवला. गर्दी पांगली, पण त्या पायरीवरच बसून राहिल्या. मी उठवायला गेलो.

"माझ्या आईला ह्या पायरीवर येऊ देत नव्हते," त्या म्हणाल्या. "ती पार खाली, म्हशी धुत्यात तितनं पाणी भरायची. मी कडेवर असायची. आज सगळं गाव हितं माझ्याशेजारी वाकलं व्हतं."

पदरानं डोळे टिपले.

"तिला दावायचं व्हतं रे."

मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला, पण उठल्या नाहीत. मग मीच खाली बसलो, त्यांच्याशेजारी, पाण्यात पाय सोडून.