गव्हर्नरांचं सिमेंट

"लोकांना अक्कल वाटता वाटता डोक्यावरचे केस गेले माझे. त्यांची घरं भरली, आणि आपण अजून त्याच मोडक्या खुर्चीत!"

बाथरूमच्या दाराआडून, दाढीच्या फेसातून आलेली ही कुरकुर ऐकली आणि चहात साखर टाकता टाकता काकूंचा हात थांबला. नवऱ्याची कुरकुर त्यांना नवी नव्हती. पण तिच्यात आज पहिल्यांदाच 'आपण' आला होता.

त्यांचे यजमान पाणीपुरवठा कचेरीतून गेल्याच महिन्यात निवृत्त झालेले हेडक्लार्क. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे 'गव्हर्नर' म्हणत, कारण नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ते आपल्या बैठकीच्या खोलीत अर्थव्यवस्थेवर भाषण देत. येत्या वर्षात काय चढणार, काय पडणार, सगळं छातीठोकपणे सांगत. आणि ते हटकून चुकत. सोनं पडणार म्हणाले की सोनं उसळी घेई. कापड चढणार म्हणाले की गिरण्यांचे शेअर आडवे होत. ठरवून चुकायचं म्हटलं तरी माणसाला इतकं जमत नाही.

म्हणूनच तर लोक येत. गव्हर्नर सांगतील त्याच्या बरोबर उलट करत. आणि त्यांना हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी भिडेपोटी, दुसऱ्या वर्षी दयेपोटी आणि पुढे, खोटं कशाला बोला, फायद्यापोटी. खुद्द काकूंचा फ्रिज आणि लेकीच्या कॉलेजची फी याच वाटेने आली होती.

आज तीच सकाळ होती. चहा होईतो वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि समोरच्या दुकानातली टेलरबाई येऊन बसले. गव्हर्नर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत स्थानापन्न झाले.

"बाजाराचं असं आहे," त्यांनी घसा साफ केला, "टाकी तुडुंब भरलीय, पण खालच्या मजल्यावर प्रेशर नाही. व्हॉल्व्ह कुठे अडकलाय? घरबांधणीत. यंदा तो उघडणार. तेव्हा मंडळी, सिमेंट!"

"सिमेंट चढणार?" डॉक्टरांनी खात्री करून घेतली.

"चढणार म्हणजे? गच्चीवरून वाहणार!"

डॉक्टरांचा हात अलगद खिशातल्या मोबाइलकडे गेला. टेलरबाईंनी पदराआड मोबाइल धरला. दोघांनीही सहा महिन्यांपूर्वी नेमके सिमेंटचेच शेअर घेतले होते.

"आणि यंदा," गव्हर्नर म्हणाले, "मी स्वतः उतरतोय. निवृत्तीची सगळी पुंजी सिमेंटमध्ये. आत्ताच्या आत्ता आपल्या सगळ्यांच्या ब्रोकरला फोन लावतो."

काकूंनी पुढे केलेली चहाची बशी मागे घेतली. ती पुंजी म्हणजे दोघांचं उरलेलं आयुष्य होतं.

"अहो, तुम्ही कशाला?" डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "तज्ज्ञाने सल्ला द्यावा. मी कधी स्वतःच्या दाढेला हात लावतो का?"

"आणि मी माझे ब्लाउज दुसरीकडून शिवून घेते," टेलरबाईंनी दुजोरा दिला.

"म्हणूनच ते बसत नाहीत," गव्हर्नर म्हणाले. "अहो डॉक्टर, माझ्या शब्दावर तुम्ही नवा दवाखाना थाटलात. या बाईंची दोन मशिनं झाली. माझ्याच बायकोने माझं ऐकू नये, असं कुठे लिहिलंय?"

"ऐकते की मी," काकू पुटपुटल्या. "दरवर्षी ऐकते."

त्यांनी नवऱ्याचा मोबाइल चहा आणण्याआधीच तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. गव्हर्नरांनी उशा उचलल्या, पेपर झटकले, शेवटी हात पुढे केला. "डॉक्टर, तुमचा द्या जरा."

"माझा? चार्जिंग नाही हो त्याला."

पण मोबाइल खिशाबाहेर डोकावत होता आणि लखलखीत उजळलेला होता. गव्हर्नरांनी तो हक्काने उचलला, चष्मा नाकावर ओढला आणि वाचलं, "सिमेंट. सर्व शेअर विकले."

"बोट घसरलं," डॉक्टर म्हणाले.

गव्हर्नरांनी टेलरबाईंकडे पाहिलं. पदराआडही उजेड दिसत होता.

"तुमचंही घसरलं?"

"थंडीने होतं तसं," टेलरबाई म्हणाल्या.

"समजलं! तुमचा विश्वास डळमळलाय. थांबा, दाखवतोच तुम्हाला." गव्हर्नरांनी ब्रोकरचा नंबर फिरवला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. "नमस्कार! माझी सगळी रक्कम सिमेंटमध्ये घाला. सगळी!"

"सगळी?" पलीकडून ब्रोकरचा आवाज चाचरला. "साहेब, जरा काकूंना विचारलंत का?"

डॉक्टर पंख्याकडे बघू लागले. टेलरबाई गव्हर्नरांच्या शर्टाच्या टाक्यांकडे. दोघांनाही सांगायचं होतं आणि दोघांनाही पुढचं वर्ष दिसत होतं. काकूंनी बशी खाली ठेवली, नवऱ्याच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि त्यांच्या कॉलरला चिकटलेला साबणाचा फेस बोटाने पुसला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचं एकही भाकीत आजवर खरं झालेलं नाही. एकही. आम्ही सगळे तुमच्या उलट करतो, म्हणून आमचं बरं चाललंय."

मोबाइलमधून एक खोल सुस्कारा आला.

"काकू, हे काय केलंत! आता आम्ही कुणाला विचारायचं?"